फुकेतमध्ये इंग्लिश शिकवायचं काम शोधायला जाणार असाल तर

थायलंडमधलं फुकेत बेट म्हटलं की सगळ्यांना पातोंगचा बीच आठवतो, पण शिकवायचं काम बीचवर फारसं नाहीये, ते आहे फुकेत टाऊन, काथू, थलांग, चलोंग अशा भागांत, जिथे तिथलीच कुटुंबं राहतात आणि पोरं शाळेत जातात. म्हणून मी मुक्काम टाऊनमध्येच ठेवला आणि तिथून एकेक शाळा पालथी घातली.

टायमिंग सगळ्यात महत्त्वाचं. तिकडच्या सरकारी शाळा मेच्या मध्यावर सुरू होतात, ऑक्टोबरमध्ये सुट्टी, मग नोव्हेंबर ते मार्च दुसरी टर्म. म्हणजे शाळा शिक्षक शोधतात ते मार्च-एप्रिलमध्ये नाहीतर ऑक्टोबरमध्ये, आणि एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान, म्हणजे थाय नववर्षाचा सण, असतो तेव्हा कोणी ऑफिसात भेटत नाही हेही धरून चाला. ऑनलाइन अर्ज टाकाच, पण माझं काम झालं ते इस्त्रीचे कपडे, बंद शूज आणि हातात फाइल घेऊन थेट शाळेत गेल्यावर. सकाळी आठला झेंडावंदन असतं, ते आटोपल्यावर जा. राष्ट्रगीत चालू असेल तर जिथे असाल तिथे उभं राहायचं.

डेमो क्लास घ्यायला सांगतातच. मला चौथीची मुलं दिली होती, मागे थाय मॅडम वही घेऊन बसलेल्या. ग्रामर बाजूला ठेवलं, फळ्यावर प्राण्यांची नावं लिहिली आणि दोन मुलांच्या हातात माश्या मारायचे प्लास्टिकचे फटके दिले, मी नाव म्हणायचं आणि जो आधी त्या शब्दावर फटका मारेल त्याला पॉइंट. दोन मिनिटांत मागच्या बाकावरची लाजरी पोरंसुद्धा रांगेत येऊन उभी राहिली. त्यांना हेच बघायचं असतं, मुलं बोलती होतात का.

आता आपल्या पासपोर्टचं स्पष्ट सांगते. बऱ्याच जाहिरातींत 'फक्त नेटिव्ह स्पीकर', म्हणजे इंग्लिश मातृभाषा असलेलेच, असं लिहिलेलं असतं, आणि काही ठिकाणी त्याच कामाला आपल्याला पगार कमी सांगतात. मला याचा खरंच राग येतो. पण म्हणून दार बंद नाहीये, टोइक या इंग्लिशच्या परीक्षेचा चांगला स्कोअर बरोबर ठेवा (६०० च्या वर असेल तर बरं), कारण आपल्याकडून तोच मागतात. इंटरनॅशनल शाळांना बीएड किंवा तसंच क्वालिफिकेशन आणि अनुभव लागतो, नुसत्या टेफल, म्हणजे इंग्लिश शिकवण्याच्या कोर्सच्या, सर्टिफिकेटवर तिथे काम होत नाही. बाकी शाळांत टेफलचा उपयोग होतो, पण ते डिग्रीच्या जागी चालत नाही.

कागदपत्रं भारतातूनच तयार करून न्या, डिग्री, मार्कशीट, पोलीस क्लिअरन्स, आणि डिग्रीवर परराष्ट्र मंत्रालयाचं आणि थाय दूतावासाचं ॲटेस्टेशन. तिकडे पोचल्यावर हे मागवत बसलात तर टर्म सुरू होऊन जाते. शाळेने ऑफर दिली की त्यांच्या कागदांवर नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामासाठीचा, व्हिसा, मग वर्क परमिट, आणि ज्यांच्याकडे शिक्षकाचं लायसन्स नाही त्यांच्यासाठी शाळा कुरुसपाकडे, म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेकडे, तात्पुरत्या परवानगीचा अर्ज करते. नोकरी लागल्यावर दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो. एका एजन्सीने मला सांगितलं, टुरिस्ट म्हणून आलीयेस ना, मग सुरू कर शिकवायला, परमिट नंतर बघू. मी सरळ नाही म्हटलं. पकडलं तर दंड आणि डिपोर्टेशन आपल्या नशिबी, म्हणून 'नंतर बघू' ऐकलं की उठून यायचं.

शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात थाय लिपीत 'जे', म्हणजे पूर्ण शाकाहारी, लिहिलेली दुकानं शोधा, तिथे मासे, फिश सॉस काही नसतं, आणि टाऊनमध्ये अशी दुकानं बरीच आहेत.

फिरायला रानोंग रोडच्या मार्केटपासून निळ्या बस बीचकडे जातात, स्वस्त आहेत, पण संध्याकाळनंतर मिळत नाहीत. बाकी सगळे स्कूटर चालवतात, तुम्हीही चालवणार असाल तर दुचाकीचा शिक्का असलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढून न्या.

खोली महिन्याच्या भाड्याने घ्या, डिपॉझिट बहुतेक दोन महिन्यांचं मागतात. मे ते ऑक्टोबर पावसाळा, टुरिस्ट कमी, म्हणून तेव्हा भाव पाडून मिळतो, फक्त नोव्हेंबरनंतरही तेच भाडं राहील असं करारात लिहून घ्या.