शंभर मीटर, वय वर्षे अठरा

ऑलिंपिकमधली शंभर मीटरची अंतिम शर्यत सगळे जग पाहते. वीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेतली तीच शर्यत पाहणारे लोक मात्र फार थोडे असतात, आणि त्यांच्यातलेही बरेच जण ती शर्यत पाहण्यापेक्षा भविष्य पाहण्यासाठीच बसलेले असतात. मुले अजून ब्लॉक्समध्ये, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर पाय टेकवायच्या ठोकळ्यांमध्ये, पाय रोवत असतात, तोवर समालोचक ‘उद्याचा बोल्ट’ कोण याचा अंदाज बांधू लागलेला असतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढा अर्धा तोंडात असतानाच ‘मग, आता पुढे काय?’ असे विचारणारे जे एक काका प्रत्येक मराठी घरात असतात, ते या समालोचकाच्या खोलीतही हटकून बसलेले असावेत, अशी माझी पक्की समजूत आहे.

या काकांची बाजू अगदीच लंगडी नाही, हेही मान्य करायला हवे. 2002 मध्ये ही स्पर्धा जमैकातल्या किंग्स्टन येथे झाली, तेव्हा घरच्या प्रेक्षकांसमोर पंधरा वर्षांचा युसेन बोल्ट इतका घाबरला होता, की त्याने उजव्या पायाचा स्पाइक, म्हणजे धावण्याचा खिळ्यांचा बूट, डाव्या पायात चढवला होता. तरीही त्याने दोनशे मीटरची शर्यत 20.61 सेकंदांत जिंकली, आणि पुढचे सगळ्यांना ठाऊकच आहे. पण त्याच मैदानावर, त्याच स्पर्धेत शंभर मीटरचे सुवर्णपदक मिळवले होते त्रिनिदादच्या डॅरेल ब्राउनने, 10.09 सेकंदांत. पुढच्याच वर्षी तो 10.01 सेकंदांत धावला आणि पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत मोठ्या धावपटूंमध्ये त्याने रौप्यपदक घेतले. त्या काळात पैज लावायची वेळ आली असती, तर शंभर मीटरसाठी शहाण्या माणसाने पैसे ब्राउनवरच लावले असते. त्यानंतर मात्र वैयक्तिक शर्यतीत तेवढी उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही. म्हणून त्याची किंग्स्टनमधली शर्यत कमी प्रतीची ठरते का? ज्या दहा सेकंदांत तो सगळ्यांच्या पुढे होता, ते दहा सेकंद कोणी मागाहून परत घेऊ शकत नाही.

माझ्या मनात घर करून राहिलेली शर्यत 11 जुलै 2018 ची आहे. फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात याच वीस वर्षांखालील स्पर्धेतल्या शंभर मीटरची अंतिम फेरी सुरू होत होती, मुंबईत रात्र झाली होती, आणि बाहेर जुलैतला पाऊस आपले काम इमाने इतबारे करत होता. आठव्या लेनमध्ये इंडोनेशियाचा लालू मुहम्मद जोहरी उभा होता. लेन वाटपाचा नियम असा, की आधीच्या फेऱ्यांत सरस ठरलेल्यांना मधल्या लेन मिळतात आणि उरलेल्यांना कडेच्या. त्यामुळे आठव्या लेनमधल्या मुलाकडे कॅमेरासुद्धा उपचारापुरताच वळतो. जोहरी लोंबोक बेटावरचा, आईवडिलांचे छत्र हरपलेला, नुकताच अठरा पूर्ण केलेला. दहा सेकंदांनी कॅमेऱ्याला घाईघाईने कडेला वळावे लागले, कारण 10.18 सेकंदांत जोहरी पहिला आला होता आणि मधल्या लेनमधले अमेरिकेचे अँथनी श्वार्ट्झ आणि एरिक हॅरिसन हे दोघेही 10.22 वर थांबले होते.

चार शतांश सेकंद म्हणजे या वेगात अंतराने मोजले तर जेमतेम हातभर. आता आठव्या लेनचा आणखी एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक लेन 1.22 मीटर रुंद असते. बंदुकीचा बार पहिल्या लेनजवळ उडवला, तर तो आवाज आठव्या लेनपर्यंत पोहोचायला सुमारे अडीच शतांश सेकंद जास्त लागतात, म्हणजे जोहरीच्या विजयी अंतरापैकी अर्ध्याहून अधिक वेळ आवाजाच्या प्रवासातच खर्ची पडली असती. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या ब्लॉक्समागे स्वतंत्र ध्वनिवर्धक ठेवलेला असतो. आवाज सगळ्यांना एकदमच ऐकू येतो, आणि त्यानंतर एक दशांश सेकंदाच्या आत जो हालेल तो बाद, कारण आवाज ऐकून एवढ्या लवकर प्रतिसाद देणे माणसाला शक्य नाही, असे नियम मानतो. जगाने कडेला उभ्या केलेल्या मुलापर्यंत निदान आवाज तरी वेळेवर पोहोचावा, यासाठी कोणीतरी एवढी काळजी घेतली आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

शर्यत संपल्यावर जोहरीने ट्रॅकवरच गुडघे टेकून माथा जमिनीला लावला. अमेरिकेच्या दोघांच्या खांद्यांवर झेंडे लगोलग आले. याच्यासाठी झेंडा मिळायला वेळ लागला. दुसऱ्याच दिवशी त्याच मैदानावर आपल्या हिमा दासने चारशे मीटरचे सुवर्णपदक 51.46 सेकंदांत पटकावले, आणि साहजिकच आपल्याकडे टाम्पेरे म्हटले की तीच आठवते. मलाही तिच्या शर्यतीचा आनंद अर्थातच झाला होता. तरी आदल्या रात्रीच्या त्या मुलाबद्दल बोलायला कोणी भेटले नाही, ही रुखरुख राहिली.

काकांसाठी पुढची हकीकतही सांगून टाकतो. 2019 मध्ये ओसाका येथे जोहरी 10.03 सेकंदांत धावला. टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र त्याला पहिली फेरी ओलांडता आली नाही. श्वार्ट्झ पुढे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलकडे वळला. 2022 मध्ये कोलंबियातल्या काली येथे हीच शर्यत बोट्स्वानाच्या लेत्सिले तेबोगोने 9.91 सेकंदांच्या विक्रमी वेळेत जिंकली, तीही शेवटच्या टप्प्यात शेजारच्या स्पर्धकाकडे बघत, बोट हलवत. दोन वर्षांनी पॅरिसला दोनशे मीटरमध्ये तो ऑलिंपिक विजेता झाला. यातून काकांना हवा तो नियम निघत नाही, आणि मला त्याचे बरेच वाटते.

आपल्यासाठी या आकड्यांचे मोल समजायला दुसरा एक आकडा पुरेसा आहे. जुलै 2025 मध्ये अनिमेश कुजूरने ग्रीसमध्ये शंभर मीटरचा राष्ट्रीय विक्रम मोडला तेव्हा त्याची वेळ होती 10.18, म्हणजे अगदी जोहरीचीच. तोवर मोठ्या वयाच्या कोणत्याही भारतीय धावपटूला अधिकृत शर्यतीत जे जमले नव्हते, ते त्या मुलाने सात वर्षे आधी, आठव्या लेनमधून करून दाखवले होते.

नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कात समुद्राला लागून सिंथेटिक ट्रॅक आहे. तिथे सकाळी सराव करणारी मुले आणि कुंपणाशी उभे असलेले पालक पाहिले, की हे सगळे आकडे मनात घोळू लागतात. पालकांच्या हाती स्टॉपवॉच असते किंवा मोबाइल. हाताने घेतलेली वेळ विद्युत यंत्राच्या वेळेपेक्षा साधारण 0.24 सेकंदाने कमी भरते, असे धरण्याची रीत आहे. त्यामुळे कुंपणाशी अभिमानाने उच्चारलेले 10.9 हे खऱ्या शर्यतीत 11.14 होऊन बसते. त्यात समुद्रावरचा वारा पाठीशी असला, तर विचारायलाच नको. अधिकृत शर्यतीत वाऱ्याचेही मोजमाप होते: ट्रॅकच्या कडेला, अंतिम रेषेच्या 50 मीटर अलीकडे ठेवलेले यंत्र पूर्ण दहा सेकंद वारा मोजते, आणि पाठीमागून येणारा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त भरला, तर वेळ विक्रमासाठी धरली जात नाही. जिंकलेला मात्र जिंकलेलाच राहतो.

तिथल्याच एका काकूंनी मला एकदा विचारले होते, ‘अहो, दहा-अकरा सेकंदांसाठी मुलांनी रोज पहाटे उठायचे, एवढी खटपट कशाला?’ त्यांचा मुलगा तेव्हा वळणावर पाय मोकळे करत होता. मी काही उत्तर देणार, इतक्यात प्रशिक्षकांची शिट्टी वाजली आणि काकू स्वतःच बोलणे अर्धवट टाकून, पदर खोचून, त्याच्या लेनच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.