पाच पौंडांचे बांगडे

लंडनमध्ये हॉटेलच्या कोपऱ्यावर एक दुकान होतं. तिथे पाण्याची बाटली आणि चार केळी घेतली आणि पाचाची नोट दिली. गल्ल्यावरच्या पोरानं ती उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली आणि परत माझ्याकडे सरकवली. "स्कॉटिश आहे. नाही घेत."

चौतीस वर्षं बँकेत काढली मी, त्यातली अकरा कॅश काउंटरवर. नोट परत सरकवायचं काम आयुष्यभर मी केलेलं, माझ्याकडे कुणी सरकवली नव्हती. मागे रांग, आमचे हे खिशात चिल्लर शोधतायत, आणि मी त्या पोराला वर लिहिलेला 'स्टर्लिंग' हा शब्द बोटानं दाखवतेय. उपयोग शून्य. केळी परत ठेवली.

नोट खोटी नव्हती. स्कॉटलंडमध्ये तीन बँका आजही स्वतःच्या नोटा छापतात आणि त्याबदल्यात बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवतात. किंमत तीच, पौंड तोच. पण कायद्यानं ही नोट घ्यायलाच हवी असं बंधन कुठेच नाही, खुद्द स्कॉटलंडमध्येही नाही. सगळा मामला विश्वासाचा. माझ्या नोटेवर एका बाजूला कपाळाला पट्टी बांधलेली एक बाई आहे आणि दुसऱ्या बाजूला चक्क दोन बांगडे. सावंतवाडीच्या माणसाला नोटेवर बांगडे दिसल्यावर ती खर्चावीशी वाटते का? मी खर्चायला निघाले हीच चूक.

ही नोट मला सुट्ट्या पैशांत मिळाली ती आयमाउथला. एडिंबरा, किल्ला, भाचीची युनिव्हर्सिटी, पाच दिवसांतले साडेचार दिवस पाऊस, हे सगळं फोटोंत आहे, इथे नको. आयमाउथ मात्र सांगायलाच हवं.

भाचीला परीक्षा होती म्हणून आम्ही दोघंच निघालो. एडिंबऱ्याहून आगगाडीनं बेरिक, म्हणजे इंग्लंड, आणि तिथून बसनं थोडं मागे येऊन आयमाउथ, म्हणजे परत स्कॉटलंड. दोनदा देश बदलला आणि दोन्ही वेळा मी थर्मासमधला चहा ओतत होते. रुळाकडेला सीमेची पाटी आहे म्हणे, ती येताजाता दोन्हीदा हुकली. बांद्याहून गोव्यात जाताना पत्रादेवीच्या नाक्यावर याहून जास्त जाग असते, परतताना बाटल्यांसाठी डिकी तरी उघडायला लावतात. पण उद्या स्कॉटलंड वेगळं होऊन पुन्हा युरोपियन युनियनमध्ये गेलं, तर मी चहा ओतत होते तिथे युनियनची हद्द येणार. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, ते नंतर एकानं सुचवलं.

आयमाउथ म्हणजे लहानसं मासेमारीचं बंदर. १८८१ च्या ऑक्टोबरात एका वादळात या किनाऱ्यावरचे १८९ कोळी बुडाले, त्यातले १२९ या एका गावचे. समुद्राकडे डोळे लावून उभ्या बायकामुलांच्या ब्राँझच्या मूर्ती आहेत, अगदी छोट्या, वीतभर. ते बघून बोलवेना. मग धक्क्यावर आलो तर तिथे सील माणसांकडून मासे मागत होते. पर्यटक विकत घेऊन घालतात. आमचे हे म्हणाले, आपल्याकडची मांजरं बरी, फुकट खातात.

तेवढ्यात मागून आवाज आला, "जेवली मगो आई?"

मी अशी गर्रकन वळले की थर्मास पडला. रबरी बूट, पिवळा एप्रन, कानाला फोन, पंचेचाळिशीचा माणूस. फोन ठेवून माझ्याकडे बघत त्यानं विचारलं, "तुमी खंयचे?" मी म्हटलं, सावंतवाडी. तो पेडण्याचा. मधे फक्त तेरेखोलची खाडी. पुढचा पाऊण तास तो कोंकणी, मी मालवणी आणि आमचे हे पुणेरी मराठीत असं बोलणं झालं.

तो मासे पॅक करायच्या शेडमध्ये कामाला होता. इथला माल म्हणजे लँगुस्टीन, कोळंबीहून मोठं आणि शेवंडीहून लहान. जिवंत खोक्यात घालून फ्रान्स-स्पेनला जातं. ब्रेक्झिटनंतर, २०२१ च्या जानेवारीत, पशुवैद्याच्या सहीचं आरोग्यपत्र, कस्टम्सचे कागद, एक आकडा चुकला की ट्रक उभा. "ताई, कागद जिवंत, म्हावरें मेलें." आणि गंमत म्हणजे बंदरावरच्या त्याच्या ओळखीच्या बहुतेक बोटवाल्यांना युरोपातून बाहेर पडायचंच होतं. आपल्या समुद्रात किती मासे धरायचे ते ब्रसेल्सनं का ठरवायचं? हा राग मला कळतो, मोठी पर्ससीन जाळी टाकणाऱ्यांवरून आपल्याकडे काय कमी भांडणं होतात? पण अख्ख्या स्कॉटलंडनं २०१६ मध्ये ६२ टक्क्यांनी 'राहू' म्हटलं होतं. एकूण ब्रिटननं ५२ टक्क्यांनी 'जाऊ' म्हटलं, आणि स्कॉटलंडला जावं लागलं.

मी विचारलं, तुम्ही कुणाला दिलं मत?

तो हसला. "पासपोर्ट पुर्तुगालाचो, घर स्कॉटलंडांत, आनी मत खंयच ना!"

हे मला कुणी दोनदा समजावून सांगितलं असतं तरी पटलं नसतं, तो तीनदा सांगत होता. वडील १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले, म्हणून पोर्तुगालमध्ये नोंद करून त्यानं तिथला पासपोर्ट घेतला, भारताचा परत केला आणि २००९ मध्ये इकडे आला. २०१४ मध्ये स्कॉटलंडनं वेगळं व्हावं का, यावर मतदान झालं. तेव्हा इथे राहणाऱ्या युरोपियन नागरिकांना मत होतं. त्यानं 'नाही'वर फुली मारली. का? तर वेगळे झालात तर युरोपातून बाहेर पडाल, असा विरोधकांचा प्रचार होता, आणि त्याचं पोट त्या युरोपच्या पासपोर्टावर. ५५ टक्के 'नाही' झाले, हा जिंकला. दोन वर्षांनी युरोपवरच मतदान आलं, तेव्हा युरोपियन नागरिकांना मत नव्हतं. भारतासारख्या कॉमनवेल्थ देशांतल्यांना होतं. त्याच्या खोलीत राहणारा हैदराबादचा पोरगा, भारतीय पासपोर्ट, साधा व्हिसा, तो सकाळी जाऊन मत देऊन आला. ह्यानं त्या दिवशी डाळ शिजवली.

"मी 'नाही' म्हटलां तें युरोपांत रावपाक," तो म्हणाला. त्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्याच्या घरात ही मतदानं आधीपासून लागलेली. १९६७ च्या जनमत कौलात वडिलांनी फुलाला मत दिलं होतं, म्हणजे गोवा महाराष्ट्रात यावा म्हणून. दोन पानं, म्हणजे गोवा वेगळाच राहावा म्हणणारे, ३४,०२१ मतांनी जिंकली. आमच्याकडेही बाबा फुलवालेच, त्या निकालाच्या रात्री ते जेवले नव्हते असं आई सांगायची. म्हणजे आयमाउथच्या धक्क्यावर दोन हरलेल्या घरांची पोरं उभी होती.

आता पुन्हा मतदान झालं तर? 'होय'ला देईन म्हणाला, लगेच. पण २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लंडनच्या परवानगीशिवाय स्कॉटलंडच्या संसदेला असं मतदान घेता येणार नाही. मी माझी बँकेची शंका काढली: आणि चलन काय वापरणार? २०१४ मध्ये 'होय'वाले म्हणत होते पौंडच ठेवू, लंडनचे अर्थमंत्री म्हणाले मिळणार नाही, आणि या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मला अजून तरी कुणी दिलेलं नाही. त्यानं एप्रनच्या खिशातून माझी ती बांगड्याची नोट (मी दहाची मोडून मागितली होती) काढून हातावर ठेवली. "ही लंडनांत चलची ना हां." मी हसले. बँकेतल्या बाईला नोटेचं शिकवतोय!

ब्रिटिश नागरिकत्व घ्यायचं त्याच्या मनात आहे. फी दीड हजार पौंडांच्या वर, म्हणून थांबलाय. "आनी मागीर स्कॉटलंड सुटलें जाल्यार चवथो पासपोर्ट," बोटं मोजत तो म्हणाला, भारत, पोर्तुगाल, ब्रिटन, आणि चौथं बोट तसंच उभं धरलं.

बस आली तेव्हा मी उगाच विचारलं, गावी कधी जाणार? गणपतीला. आता मोपाला विमानतळ झालाय, घरापासून अर्ध्या तासावर, रनवेच्या पलीकडे मामाचे काजू. तिथे तो परदेशी पासपोर्टवाल्यांच्या रांगेत उभा राहतो. मागच्या वेळी काउंटरवरच्या साहेबानं त्याला इंग्रजीत विचारलं, गोव्यात पहिल्यांदाच येताय का?