गॅलन आणि पायली

न्यू जर्सीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी गिरगावला फोन करून सांगितले, की इथे दूध गॅलनच्या कॅनमध्ये मिळते. बाबांनी तात्काळ साडेचार लिटर असा हिशेब मांडला आणि दोघांच्या घरात एवढे दूध संपते कसे, अशी काळजी व्यक्त केली. त्यांचा हिशेब बरोबर होता, परंतु तो ब्रिटिश गॅलनचा होता. ब्रिटनने 1824 मध्ये दहा पौंड पाण्याच्या आकारमानावरून नवा गॅलन ठरवला, तो सुमारे 4.546 लिटरचा, अमेरिकेने मात्र राणी अ‍ॅनच्या काळात, 1707 साली 231 घनइंच ठरलेला वाइन गॅलनच पुढे चालवला, आणि तो 3.785 लिटर भरतो. म्हणूनच आमची गाडी गॅलनला तीस मैल जाते हे ऐकून बाबांनी लिटरला साडेदहा किलोमीटर काढले, तेव्हा खरा आकडा पावणेतेराच्या आसपास होता.

पुढची उतरंड मला आजीमुळे सोपी गेली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, हे तिच्या तोंडून लहानपणी इतके ऐकले होते, की दोन कपांचा पिंट, दोन पिंटांचा क्वार्ट आणि चार क्वार्टांचा गॅलन हे परके वाटलेच नाही. ताजवा हाताशी नसताना दोन सारख्या भांड्यांत निम्मे-निम्मे ओतून माप करता येते, आणि दोन्हीकडची ही दुपटीची रीत त्यातूनच आली असावी असे मला मनापासून वाटते. आपण फक्त कप 237 मिलिलिटरचा हे लक्षात ठेवावे: पिंट 473, क्वार्ट 946, म्हणजे लिटरला थोडा कमी.

खरी अडचण औंसाची आहे, कारण तो आकारमानाचाही असतो आणि वजनाचाही. कपात आठ द्रव औंस मावतात, पण कपभर मैदा जेमतेम सव्वाशे ग्रॅम आणि कपभर साखर सुमारे दोनशे ग्रॅम भरते. वहिनीने माझ्या कृतीने केक करताना चहाचा कप घेतला. साखर, मैदा, दूध सारे प्रमाणात कमी झाले, अंडी मात्र दोनच्या दोन राहिली, आणि केक चिवट झाला. मी तिला वजनकाट्यावर रिकामा पेला ठेवून काटा शून्यावर आणायला आणि त्यात 237 ग्रॅम पाणी ओतायला सांगितले, कारण एक मिलिलिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक ग्रॅम असते. पाण्याच्या पातळीवर तिने नेलपॉलिशची रेघ ओढली आहे आणि येत्या रविवारी ती त्याच पेल्याने मोजणार आहे.