तुम्ही विचारलंत म्हणून : ऊन फुकट, मग वीज महाग का?

लग्नकार्यात, सोसायटीच्या सभेत किंवा रेल्वेच्या डब्यात, मी विजेच्या बाजाराचा आणि पर्यावरण धोरणाचा अभ्यास करते असे सांगितले की समोरच्याचे पुढचे वाक्य ठरलेले असते : "सौर वीज एवढी स्वस्त झाली म्हणता, मग आमचे बिल का उतरत नाही?" प्रश्नात थोडा टोमणा असतो आणि तो रास्तही आहे. राजस्थानातील भडला येथील सौर प्रकल्पांच्या लिलावात मे 2017 मध्ये युनिटला 2 रुपये 44 पैसे दर निघाला आणि डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात तो 1 रुपया 99 पैशांवर आला, हे लोकांनी वाचलेले असते. हातातल्या बिलावर मात्र स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर 16 टक्के वीज शुल्क अशी उतरंड रचलेली असते.

यावर माझे उत्तर असे की, आपण वीज म्हणून जिला एकच वस्तू समजतो त्या मुळात दोन वस्तू आहेत. दुपारी एकचे युनिट आणि रात्री आठचे युनिट मीटरवर सारखेच दिसते, पण बाजारात त्यांचे नाते उन्हाळ्यातल्या आणि श्रावणातल्या आंब्यासारखे असते.

हा बाजार खरोखरच अस्तित्वात आहे. 2008 साली इंडियन एनर्जी एक्सचेंज सुरू झाले, आणि तेव्हापासून उद्याच्या विजेचा लिलाव आज होतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 ब्लॉक पाडलेले असतात; प्रत्येक ब्लॉकसाठी विकणारे आणि घेणारे आपापला भाव बंद पाकिटात घातल्याप्रमाणे कळवतात, मागणी आणि पुरवठा जिथे जुळतो तो भाव ठरतो, आणि ज्याने दोन रुपयांना वीज देऊ केली होती त्यालाही शेवटच्या, सर्वांत महाग विक्रेत्याइतकाच भाव मिळतो. (हे ऐकून ऐकणाऱ्याच्या भुवया हमखास वर जातात. पण ज्याला त्याला त्याने मागितलेलाच भाव द्यायचे ठरवले, तर दोन रुपयेवाला उद्यापासून दोन रुपये मागणार नाही, एवढे सांगून मी पुढे जाते.) उन्हाळ्यातल्या अनेक दिवशी हा भाव दुपारी दोन-तीन रुपयांत लोळत असतो आणि सूर्य मावळला की नियामक आयोगाने एप्रिल 2023 पासून घातलेल्या दहा रुपयांच्या मर्यादेला जाऊन टेकतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका अहवालात महिन्याचा सरासरी भाव काढून, सौर वीज त्याहून किती स्वस्त आहे याचा मोठा सुबक तक्ता केला होता. आमच्या कार्यालयात सल्लागार म्हणून येणारे एक निवृत्त अभियंते तो पाहून म्हणाले, "बाई, सरासरीवर पंखा फिरत नाही." त्यानंतर मी कोणताही तक्ता 96 रकान्यांखेरीज उघडलेला नाही.

वेळेची किंमत म्हणजे काय हे पाहायचे असेल तर मी कोयनेचे उदाहरण देते. ऊन फुकट आहे तसे कोयनेचे पाणीही फुकट आहे. पण उन्हाला आपण "संध्याकाळी ये" असे सांगू शकत नाही आणि पाण्याला थांबवून ठेवू शकतो. शिवाजीसागर जलाशयाची क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. त्यामुळे दुपारी दोन वाजता सोडलेला प्रत्येक थेंब हा रात्री आठ वाजता न मिळणारा थेंब असतो. तो दुपारी वापरला तर दोन रुपयांची वीज वाचते, रात्री वापरला तर दहा रुपयांची. म्हणजे फुकटच्या पाण्यालाही भाव आला, आणि तो पाण्याने नव्हे तर घड्याळाने ठरवला. माझ्या कामाचा निम्मा भाग हा असलाच हिशेब मांडण्यात जातो.

मग बिल का उतरत नाही, याचे सरळ उत्तर असे की एक्सचेंजवर देशातील दहा टक्क्यांहून कमी वीज विकली जाते. उरलेली बरीचशी वीज वीस-पंचवीस वर्षांच्या करारांतून येते, आणि त्या करारांनुसार औष्णिक केंद्र उपलब्ध असेल तर त्याचा स्थिर आकार वीज घेतली नाही तरी द्यावाच लागतो. शिवाय ते केंद्र दुपारी बंद करून संध्याकाळी पुन्हा पेटवता येत नाही. ते क्षमतेच्या साधारण 55 टक्क्यांपर्यंत मंदावून चालू ठेवावे लागते. आपण दुपारच्या स्वस्त विजेचे पैसे देतो, आणि रात्रीसाठी ताटकळत उभ्या असलेल्या बॉयलरचेही.

पर्यावरणाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. कोळशावर कर लावला की प्रदूषण कमी होईल, असे पाठ्यपुस्तक सांगते. आपल्याकडे 2010 साली टनाला 50 रुपये उपकर आला आणि 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर गेला. एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर तो युनिटमागे 28 पैसे झाला. खाणीजवळचे केंद्र आणि हजार किलोमीटरवरचे केंद्र यांच्या खर्चात रेल्वेभाड्यानेच याहून मोठी तफावत पडते. त्यामुळे कोणते केंद्र आधी चालवायचे हा क्रम उपकराने फारसा बदलला नाही. 2017 नंतर तर त्याचे पैसे राज्यांना जीएसटीची भरपाई देण्यासाठी जाऊ लागले. सप्टेंबर 2025 मध्ये हा उपकर रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. हजार रुपये टनाच्या हलक्या, जास्त राखेच्या कोळशावर पूर्वी 50 अधिक 400 असा 450 रुपये कर पडत होता, तो आता 180 रुपये पडतो. पाच हजार रुपये टनाच्या चांगल्या कोळशावर 650 रुपये पडत होता, तो 900 झाला. जास्त राखेचा कोळसा अशा रीतीने स्वस्त करणे मला चूक वाटते, आणि वीज स्वस्त होईल या युक्तिवादाने माझे समाधान होत नाही.

याच प्रश्नाची सर्वांत अवघड आवृत्ती मला संगमनेरकडच्या मामांनी विचारली. उसाला पाणी द्यायला आठवड्याआड रात्रीची पाळी, हातात बॅटरी आणि काठी, बिबट्याची धास्ती, "पोरी, तुझ्या त्या 96 ब्लॉकांत आमची झोप कुठे मांडलीस?" असे ते म्हणाले. रात्री मागणी कमी आणि कोळशाची केंद्रे तर चालूच, म्हणून शेतीला रात्री वीज देणे एके काळी हिशेबाने बरोबर होते. फक्त त्या हिशेबात मामांची झोप नव्हती. आता स्वस्त युनिट दुपारी आले आहे, आणि 2017 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कृषिपंपांचे फीडर, म्हणजे त्यांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौर विजेवर टाकण्यामागे तेच गणित आहे. मामांचा फीडर मागच्या वर्षी सौर झाला. त्यांनी फोन करून सांगितले, आणि त्याच फोनवर विहिरीची पातळी दोन हात खाली गेल्याचेही सांगितले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत असल्याने पंप बंद करायला कोणालाच कारण उरत नाही. यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हते.

घरगुती बिलात मात्र थोडे हातात आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी सौर तासांतला, म्हणजे भर उन्हाच्या वेळचा, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायला सांगितले आहे. आमच्या सोसायटीच्या सामायिक जोडणीला वेळेनुसार युनिटे मोजणारा स्मार्ट मीटर बसल्यावर मी सभेत मांडले की टाकीचा पंप संध्याकाळी सहाऐवजी दुपारी एकला लावावा. दोन सभा चर्चा झाली, कारण दुपारी सगळे कामावर असतात. शेवटी वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, डबा खाऊन झाला की मी बटण दाबतो, त्यात काय!" आता महिन्याला काही शे रुपये वाचतात, फक्त काका रजेवर असले की पंप पुन्हा सहालाच सुरू होतो.