२,१४,७४,८३,६४७ शी पेन्सिलीने झटापट

२,१४,७४,८३,६४७ हा आकडा प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या चांगला ओळखीचा. ३२ बिटांच्या साइन्ड (धन-ऋण दोन्ही मावणाऱ्या) इंटिजरची ही कमाल मर्यादा, म्हणजे २ चा ३१वा घात वजा १. ही मूळ संख्या आहे हे नुसतं ऐकून होते. एकदा ठरवलं, कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच बघायचं.

वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागायचं तर चार हजारांवर भागाकार! पण या संख्येला मूळ अवयव असलाच, तर त्याने भागताना २ च्या घातांची बाकी दर ३१ पावलांनी १ वर परत येते. फर्माच्या नियमाने ती अवयवातून १ वजा केल्यावर येतील तेवढ्या पावलांनीही १ वर येते. ३१ स्वतः मूळ, म्हणून त्या वजाबाकीला ३१ ने भाग जायलाच हवा. अवयव विषमही हवा. म्हणजे तो ६२ च्या पटीत १ मिळवलेला. उरले ७४७ उमेदवार.

दोन संध्याकाळी त्यांच्यामागे घालवल्यावर दुसरी अट लक्षात आली: अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यायला हवी. ३७४ वर केलेली मेहनत फुकट! आता फक्त २४८न+१ आणि २४८न+६३. त्यातला ६३ उघडच बाद, राहिले ३७२. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हीच चाळणी लावली होती, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना.

लांबलचक भागाकारही टळतो. उदाहरणार्थ १४८९. ३२,७६८ ला (२ चा १५वा घात) त्याने भागलं की बाकी १०, म्हणून १६व्या घाताची २०. १५ आणि १६ मिळून ३१, म्हणून दोन्ही बाक्यांचा गुणाकार २०० ही ३१व्या घाताची बाकी. तो १ आला असता तर अवयव सापडला असता. ३११ ला ३६ आले, १३०३ ला २२७.

माझा शहाणपणा नडला तो ४६,१२९ पाशी. उमेदवार आधी मूळ आहे का ते तपासायचं, नसला तर खोडायचा, असा माझा शिरस्ता. ३, ५, ७, ११ करत करत पार १६३ पर्यंत गेले तेव्हा कुठे तो फुटला: १६३ × २८३. थेट तपासला असता तर दोन ओळींत काम झालं असतं! तेव्हापासून फक्त १३ पर्यंतच्या संख्यांनी भाग जाणारे खोडले, बाकीचे मूळ असोत नसोत, सरळ तपासले. असे दीडशेच्या आसपास निघाले.

शेवटी सगळ्या बाक्या कॉम्प्युटरवर पडताळल्या. तीन चुकल्या होत्या. बरोबर उत्तर १ मात्र त्यांतल्या एकीचंही नव्हतं.