दर किलोमीटरमागे

सराव मी तीन महिने केला, पण तो सायकल चालवायचा. पैसे मागायचा सराव कुठे करतात? राईड एका दिवसात १६० किलोमीटरची होती आणि जमणारा निधी डायलिसिसवरच्या रुग्णांसाठी. पहिले दोन आठवडे मी मेसेज पाठवत राहिलो आणि लोक अंगठे दाखवत राहिले. दोन्ही अर्थांनी.

मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तोडगा सुचवला, "रक्कम मागूच नकोस. किलोमीटरमागे किती देणार ते विचार." लोकांना ते पटलं. वीसेक जणांनी आकडे कळवले.

राईडच्या दिवशी पहिले साठ किलोमीटर मजेत गेले. घोळक्यात पुढच्याच्या चाकामागे राहिलं की वारा तो झेलतो, आपले कष्ट बरेच वाचतात. माझं चुकलं ते इथेच. अंगात जोर आहे म्हणून जड गियर रेटत राहिलो आणि भूक नाही म्हणून खाल्लं नाही. जोरात चालवलं तर शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा दोनेक तासांत संपत येतो, भुकेची वाट बघायची नसते. हे सगळं मी वाचलेलं होतं बरं का! पंचाण्णवाव्या किलोमीटरला पाय थरथरायला लागले, सपाट रस्त्यावर वेग १४ वर आला. हँडलवर भार टाकल्याने तळव्यातली नस दबून करंगळी आणि अनामिका बधिर झाली होती. बसायच्या जागेबद्दल जास्त लिहीत नाही. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालू नका, शिवण काचते.

एकशे अठराव्याला मागचं चाक खड्ड्यात आपटलं. फुस्स. ट्यूब काढली तर शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या. हवा कमी असली की रिम आणि खड्ड्याच्या कडेत ट्यूब अशी चिमटते. सकाळी प्रेशर तपासलंच नव्हतं.

ट्यूब बदलत होतो तेवढ्यात मदतीची गाडी आली.

"बसा, पुढच्या थांब्यावर सोडतो. बाराच किलोमीटर आहे. कुणाला कळणार?"

मी मनात बारा गुणिले वीस केलं आणि नको म्हणालो. त्याच्याकडची दोन केळी मात्र घेतली.

पुढे हलका गियर, पाय भरभर, मिनिटाला ऐंशीएक फेऱ्या. दर अर्ध्या तासाचा गजर लावला. वाजला की काहीतरी तोंडात टाकायचं, इच्छा असो नसो. वेग फारसा वाढला नाही, पण थरथर थांबली.

शेवटच्या कमानीखालून गेलो तेव्हा जवळपास अंधार होता. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं. मीटर बघितला: १५८.७.

मेडलसकट पार्किंगच्या मैदानात फेऱ्या मारायला लागलो. स्वयंसेवक कमान उतरवत होते. तिसऱ्या फेरीला त्यांच्यातल्या एका पोराने हटकलं, "काका, काही हरवलंय का?"

"सातशे मीटर," म्हणालो आणि पुढे गेलो.