ताज: डिडी काँग रेसिंगमधला पगडीवाला हत्ती

रेअर या ब्रिटिश स्टुडिओनं १९९७ साली निन्टेन्डो ६४ या गेम मशीनसाठी काढलेल्या 'डिडी काँग रेसिंग'मध्ये ताज नावाचा एक जिनी आहे. निळा हत्ती, डोक्यावर पगडी. बहुतेक जण त्याच्याकडे फक्त वाहन बदलायला जातात. पण या गेममधली कार, हॉवरक्राफ्ट आणि विमान खरी शिकवतो तो ताजच. त्याचा भारतीय हेल मात्र परदेशी माणसानं ऐकीव माहितीवर बेतल्यासारखा आहे आणि तो खटकतो. त्यापायी पात्रावरच काट मारू नये.

टिंबरच्या बेटावर, म्हणजे गेमच्या मुख्य बेटावर, तो तिन्ही वाहनांची एकेक शर्यत लावतो आणि स्वतः उडत्या गालिच्यावरून पळतो. जिंकलात की दर वेळी एक सोनेरी फुगा. गेममधले ४७ फुगे पूर्ण करायचे तर हे तीन टाळून चालत नाही.

कारमध्ये वळणाला कंट्रोलरचं आर बटण दाबलं की गाडी घसरत वळते. नाक वळणाच्या बाहेर सरळ झालं की लगेच सोडायचं. दाबून ठेवलं तर वेग मरतो आणि तेवढ्यात गालिचा पुढे जातो.

सगळ्यात जास्त हाल हॉवरक्राफ्टमध्ये होतात. त्याला जमिनीची पकड नाही. नाक फिरतं, पण यान जुन्याच दिशेनं वाहत राहतं. वळण दिसल्यावर स्टिक फिरवली तर उशीर झालेला असतो. वळणाच्या बऱ्याच आधी नाक आत घ्यायचं, वळण फारच तीव्र असेल तर ब्रेकचं बी बटण हलकं दाबून मग आर. विमानात स्टिक मागे ओढली की नाक वर जातं. नवखे घाबरून मोठे झटके देतात आणि विमान वरखाली डुलत राहतं. स्टिक थोडी थोडीच हलवावी.

हा हात बसला की ट्रॅकवर एक युक्ती हमखास कामी येते. झिपरच्या, म्हणजे वेगाचा झटका (बूस्ट) देणाऱ्या, पट्ट्यावर चढण्याच्या क्षणी वेगाचं ए बटण सोडायचं आणि बूस्ट ओसरेपर्यंत परत दाबायचं नाही. बूस्ट जास्त जोरदार मिळतो. ए धरून ठेवणाऱ्यांना तो कधीच पूर्ण मिळत नाही. केळीही गोळा करा, दहापर्यंत प्रत्येक केळं कमाल वेग वाढवतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कुणाच्या माळ्यावर जुनं निन्टेन्डो ६४ मिळालं तर आधी अडॅप्टर पाहा. अमेरिकन अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावला तर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आपल्या पावसाळी दमटपणानं काडतुसाच्या (गेमच्या कार्ट्रिजच्या) धातूच्या दातांवर काळपट थर येतो आणि स्क्रीन कोरी राहते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दात पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. फुंकर मारू नका, थुंकीनं गंज वाढतो.

या काडतुसात सेव्हसाठी बॅटरी नाही, ईईप्रॉम आहे, म्हणजे वीज नसतानाही माहिती जपणारी चिप. त्यामुळे आधीच्या मालकाची फाइल बहुधा शाबूत असते आणि तिच्यात ताजचे फुगे जिंकून झालेले असू शकतात. रिकामी फाइल निवडा, म्हणजे ताज पहिल्यापासून भेटेल.